तक्रारी कळवत जा

१२ जानेवारी, दुपारचं जेवण आटोपून

बिगुल,

आशीर्वाद. रागात असलीस तरी ठेवून घे. आशीर्वाद परत पाठवायची सोय पोस्टात नाही.

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितो आहे. उचलला असतास तरी फार उपयोग नव्हता म्हणा. आयुष्यभर पलटणीत वायरलेसवर बसलो, कानाला हेडफोन लावून डोंगरापलीकडची कुजबुज टिपली, आणि आता कानात मशीन घालूनही दाराची बेल ऐकू येत नाही. त्यापेक्षा कागद बरा. कागदाला 'काय म्हणालीस?' असं पुन्हा पुन्हा विचारावं लागत नाही.

तर इकडची हालहवाल. स्वयंपाकाला येणारी बाई भाजीत मीठ घालते की मिठात भाजी घालते ते कळत नाही. शेजारचे बँडमास्तर रोज सकाळी खिडकीत उभे राहून ट्रंपेट पुसतात. वाजवत नाहीत, नुसतं पुसतात, आणि आता वाजवतील मग वाजवतील म्हणून मी चहाचा कप ओठाशी धरून बसतो. मोरीतला नळ गळतो. कपाटाचं दार आजीने एका खास ठिकाणी बुक्की मारली की उघडायचं, ती जागा मला सापडत नाही. तिला जाऊन दोन महिने होऊन गेले आणि या घरातली एकही वस्तू माझं ऐकत नाही.

कॅप्टनने पुढच्या चौकीवर जाण्याआधी मला फोन केला होता. म्हणाला, "आजोबा, ती त्या क्वार्टरमध्ये एकटी आहे. सातवा लागेल आता. तुमच्याशी बोलत नाही हे ठाऊक आहे मला, पण तुम्ही जरा लक्ष ठेवा." नातजावई गुणी आहे. दोन दिवसांच्या वाटेवरून लक्ष कसं ठेवतात ते त्याच्या ट्रेनिंगमध्ये शिकवत असतील, आमच्या वेळी नव्हतं.

तुझं शेवटचं वाक्य मला पाठ आहे. 'तुम्ही दोघांनी मला परकं केलंत.' तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस. तेव्हापासून आजीने तुला वाढवलं, इतकी मोठ्याने रडायचीस म्हणून बिगुल हे नावही तिनेच ठेवलं, आणि तिच्याच आजारपणाची खबर तुला ती गेल्यावर मिळाली. राग यायलाच हवा. आला नसता तर मला काळजी वाटली असती. पण माझी बाजू ऐक. मला वरून हुकूम होता. "डॉक्टरांनी तिला पहिले महिने जपायला सांगितलंय. कळलं तर ती तशीच धावत सुटेल. सांगायचं नाही म्हणजे नाही." या घरात साहेब कोण होतं हे तुला माहीत आहे. मी हुकूम पाळला. माफीबिफी मागणार नाही.

एक काम आहे. तिच्या काळ्या ट्रंकेत ते हिरवे पडदे सापडले. तुझ्या खिडकीची उंची कळव.

आजोबा


२४ जानेवारी, सकाळी

बिगुल,

उत्तर नाही. ठीक आहे. पोस्टमनला मी रोज फाटकात गाठतो, त्यामुळे तो आता समोरच्या फुटपाथवरून जातो.

पडद्यांचं सांगतो, म्हणजे माप का मागितलं ते कळेल. लग्न होऊन तुझी आजी पहिल्यांदा छावणीतल्या क्वार्टरमध्ये आली, तेव्हा तिने आधी चूल पाहिली नाही, मोरी पाहिली नाही. खिडकीसमोर उभी राहून म्हणाली, "अहो, ही उघडी खिडकी मला नाही चालायची. येणारा-जाणारा प्रत्येक जवान आत बघतो." माझ्या हातात तेव्हा होतं काय? स्टोअरमधला हिरवा कपडा मिळाला, तिने हाताने शिवला. बरोबर खिडकीएवढा. वर्षाच्या आत बदली. नव्या क्वार्टरची खिडकी वीतभर उंच. पडदा तोकडा पडला, खालून पाय दिसायला लागले. त्या दिवशी तिने कानाला खडा लावला. तुकडा जोडून पडदा लांब केला आणि खाली भली मोठी दुमड घातली. मग प्रत्येक बदलीला दुमड उसवायची, खिडकी बघायची, नवी शिलाई घालायची. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, हिचं पडद्याच्या दुमडीत होतं.

काल पडदा उजेडात धरला तेव्हा जुन्या शिलाईच्या रेघा दिसल्या, एकीखाली एक. ही समुद्राजवळच्या क्वार्टरची. ही त्या थंड गावाची, जिथे बादलीतलं पाणी गोठायचं. ही सगळ्यात खालची, तुझी आई जन्मली त्या घराची, तिथे खिडकी जवळजवळ जमिनीपर्यंत होती. भिंतीला मात्र हिने कधी एक खिळा मारू दिला नाही. "दुसऱ्याच्या भिंतीला भोक पाडून आपण जायचं, मागून येणारीनं काय करायचं?" रिटायर होऊन हे स्वतःचं घर घेतलं, तरी खिळा नाहीच. घड्याळ बघ ना, अजून कपाटावर टेकवून ठेवलेलं आहे. तूही लहानपणी विचारायचीस, आपलं घड्याळ बसून का असतं म्हणून.

आता एक गोष्ट सांगतो, ती तुला तिने कधी सांगितली नसेल. आमच्यात एक ठराव होता.

लग्नानंतर मी सीमेवर गेलो आणि तिची पत्रं यायला लागली. सगळ्या बायका लिहितात तशीच. 'इकडे सर्व ठीक आहे, काळजी नसावी.' प्रत्येक पत्रात तेच. मला झोप येईना. वायरलेसवाल्याला एक गोष्ट कळते. पलीकडचा नुसतं 'सर्व ठीक' म्हणून बंद करतो, तेव्हा बहुतेक त्याला बोलायची सवड नसते. सुट्टीत आलो तेव्हा तिला म्हटलं, "तू मला तक्रारी लिही. भांडखोर शेजारीण, पाणी घातलेलं दूध, माझ्या आईची बोलणी, सगळं. बुडणारा माणूस पाणी गढूळ आहे म्हणून कुरकुर करत नाही. तुझी कुरकुर आली की मी समजेन, याहून मोठं काही झालेलं नाही."

ती म्हणाली, "आणि मोठं काही झालं तर?"

मी म्हटलं, "तेव्हा लिही, सर्व ठीक."

मग काय विचारतेस! बाईसाहेबांच्या जिभेला धार होतीच, आता लेखणीलाही आली. कोंबड्या पाळणाऱ्या शेजारणीवर एक अख्खं पान. शिंप्याने बाही उलटी बसवली त्यावर दोन. बंकरमध्ये दिव्याभोवती बसून मी मोठ्याने वाचायचो आणि जवान पोट धरून हसायचे. कुणी नुसतं म्हणायचं, "वहिनींची कोंबडी काय म्हणते?" ज्यांच्या घरून महिनोन् महिने पत्र यायचं नाही, ते या पत्रावर दिवस काढायचे. तिला हे कळलं तेव्हा म्हणाली, "म्हणजे मी इकडे जीव खाऊन भांडतेय आणि तुमची तिकडे करमणूक?" पण पुढच्या पत्रात कोंबडीला एक पान जास्त मिळालं.

तुला हॉस्टेलमधली गोष्ट आठवते? तुझी पत्रं मेसच्या जेवणाला शिव्या घालणारी असायची आणि आजी ती वाचून खूश. मी म्हणायचो, पोरगी उपाशी आहे आणि तू हसतेस? आणि एकदा तू चार ओळी पाठवल्यास, 'आजी, सगळं छान आहे.' तिने पत्र खाली ठेवलं आणि पहिली बस पकडली. तू कांजिण्यांनी फणफणून पडली होतीस. "तुला कसं कळलं?" असं तू विचारलंस, तर म्हणाली, स्वप्न पडलं. स्वप्नबिप्न काही नाही. हा ठराव.

खिडकीची उंची कळव.

आजोबा


५ फेब्रुवारी

बिगुल,

आज लिहिण्यासारखं काही नाही. बाईने भाजी बरी केली होती. नळ दुरुस्त झाला. बँडमास्तर गावाला गेलेत.

दुपारभर घर फार शांत होतं.

आजोबा


७ फेब्रुवारी

बिगुल,

परवाचं पत्र फाडून टाक. नळ पुन्हा गळायला लागला आहे, बँडमास्तर परत आलेत आणि बाईने आज डाळ करपवली. माझी तब्येत उत्तम आहे.

काल ट्रंक पूर्ण रिकामी केली. तळाशी लोकरीचं एक टोपडं होतं. तुझ्या आईचं नव्हे. ते मी आज सांगतो, कारण तुझ्या पोटात आता एक जीव आहे आणि त्याच्या घरची माणसं कोण ते त्याला माहीत असायला हवं.

तुझ्या आईच्या आधी आम्हाला एक मुलगा होता. तुझा मामा. दोन वर्षांचा झाला होता. मी त्याला मोजकाच पाहिला, पण पत्रांतून पुरता ओळखत होतो. 'तुमचा मुलगा माती खातो.' 'तुमचा मुलगा माझ्या चपला विहिरीत टाकतो.' चांगला असला की तिचा, वाईट असला की माझा. लढाई चालू होती, आणि एक दिवस पत्र आलं. एकच ओळ. 'इकडे सर्व ठीक आहे, काळजी नसावी.'

मी ते घेऊन साहेबांपुढे उभा राहिलो. म्हटलं, रजा हवी. त्यांनी पत्र वाचलं. म्हणाले, "अरे, यात तर सगळं ठीक लिहिलंय."

मी म्हटलं, "म्हणूनच, साहेब."

माणूस वाईट नव्हता. पण सेटवर बसणारा मी एकटाच उरलो होतो आणि खालचा रस्ता तुटला होता. रजा मिळाली नाही. मी सेटवर बसून सगळ्या पलटणीचे निरोप पोचवत राहिलो आणि माझ्या घरचा निरोप माझ्या खिशात. रस्ता सुरू झाल्यावर निघालो. दारात पोचलो तेव्हा घरात ती एकटीच होती. पोराला ताप आला होता, तो उतरलाच नाही.

ती रडली नाही. मी चौकटीत उभा, पाठीवरची पिशवीसुद्धा उतरवलेली नाही, आणि ती माझ्याकडे बघून म्हणाली, "या दाराची कडी लागत नाही. केव्हाची सांगतेय तुम्हाला." मी पिशवी ठेवली, पेचकस शोधला आणि कडी बसवायला घेतली. ती शेजारी उभी राहून, वाकडी बसतेय, सरळ धरा, म्हणून बोलत राहिली. बोलता बोलता तिचा आवाज फुटला आणि मग ती रडली. मी कडी धरून उभा होतो. मला तेव्हा कळलं की ही जगेल. ती कुरकुरली नसती तर मी काय केलं असतं, मला ठाऊक नाही.

आता गेल्या वर्षीचं. भाद्रपद होता. जाऊ दे, महिने मोजत बसत नाही. एका दुपारी मी आंघोळ करून ओला टॉवेल पलंगावर टाकला. सवयीनेच टाकला. एवढ्या वर्षांत त्या टॉवेलवरून मी जेवढं ऐकलंय तेवढं शत्रूने मला ऐकवलं नसेल. ती आली, टॉवेल उचलला, वाळत घालून आली. एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम टाकला. पुन्हा तेच. उलट माझ्याकडे बघून हसली. मी म्हटलं, "चपला घाल. डॉक्टरांकडे जायचंय." ती म्हणाली, "मला काय धाड भरलीय? सगळं ठीक आहे." मग तर मी रिक्षाच बोलावली.

तुला ती फोनवर तेच म्हणायची. "सगळं ठीक आहे गं, तू तुझी काळजी घे." मी पलीकडच्या खोलीत असायचो. कानाची मशीन काढून ठेवायचो, तरी ते वाक्य ऐकू यायचं. ती तुझ्यापासून लपवत होती की तिच्या भाषेत तुला सांगत होती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ठराव तुला ठाऊक नव्हता, आणि तिलाही ते माहीत होतं. पण तुला परकं केलं म्हणतेस, ते तेवढं मागे घे. कोंबड्यांबद्दल ती कुणालाही सांगायची. 'सर्व ठीक' हे तिने जन्मात दोघांनाच सांगितलं. एक मी. दुसरी तू.

हॉस्पिटलात शेवटच्या सकाळी शुद्धीवर होती. नर्सने उशी सरळ केली तर म्हणाली, "ही उशी आहे की विटांचं पोतं?" मला एवढा आनंद झाला की मी बाहेर जाऊन बँडमास्तरांना सांगितलं, आता सुधारतेय. आत आलो तर मला जवळ बोलावून म्हणाली, "तिच्या बाळंतपणाला मी जाणार होते." एवढंच. आणि मी हुशार माणूस, तिला म्हटलं, तू बरी होऊन जाशीलच की. ती हुकूम देत होती हे मला समजायला एवढे दिवस लागले.

पण बोलावल्याशिवाय कसा येऊ? बाळंतपणाला आजोबा आलेला तू कधी ऐकलायस का?

आजोबा


२७ फेब्रुवारी, गाडीत

बिगुल,

अक्षर हलतंय ते गाडीमुळे, म्हातारपणाने नव्हे.

काल तुझं कार्ड आलं. पोस्टमन स्वतः रस्ता ओलांडून द्यायला आला, बहुधा माझ्या तोंडाकडे बघून. दोनच ओळी.

'खिडकी साडेचार फूट.

इकडे सर्व ठीक आहे, काळजी नसावी.'

मी फाटकातच बसलो. पुन्हा वाचलं. उलटं करून बघितलं. मागे पत्त्याशिवाय काही नाही. कार्डभर जागा रिकामी होती आणि तक्रार एकही नाही. माझ्यावरसुद्धा नाही. तुला बोलता यायला लागल्यापासून माझ्यावर तक्रार नाही असा तुझा एक दिवस गेलेला नाही.

बँडमास्तर आले. त्यांना कार्ड दिलं. चष्मा लावून त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "अरे वा! सगळं ठीक आहे की. मग असे का बसलात?"

मी म्हटलं, "म्हणूनच."

त्यांना काही कळलं नाही, पण आज सकाळी ट्रंक उचलायला हात लावला. घराची किल्ली त्यांच्याकडे आहे. जाताना मी म्हटलं, आता खुशाल वाजवा, ऐकणारं कुणी नाही. तर म्हणाले, "तुम्ही घरात असलात की वाजवायचा धीर होत नव्हता. वहिनींना आवडायचं नाही ना." फाटकातून बाहेर पडताना मागून आवाज आला. मशीन कानात होती. बरं वाजवतो माणूस. तिला उगाच आवडायचं नाही.

काल संध्याकाळी पडदा साडेचार फुटांचा केला. दुमड मीच उसवली, शिलाई मीच घातली. जावयाची जात नि सुईचं नाक, दोन्ही सरळ हाताला लागत नाहीत असं तुझी आजी म्हणायची. खरं होतं, दोरा ओवण्यातच तास गेला. शिलाई वाकडी आली आहे. बघशील तेव्हा हसशील. टोपडंही घेतलं आहे. बाळंतिणीला काय करून घालायचं ते बाईकडून लिहून घेतलं, मिठाचं प्रमाण माझ्या मनाने अर्धं केलं.

काय झालंय ते तू लिहिलं नाहीस, आणि मी वाटेवर तर्क करत बसणार नाही. करतोच आहे, पण करणार नाही. डॉक्टरांनी काही सांगितलं असेल, चौकीकडून काही आलं नसेल, किंवा नुसतंच एकटीने भिंतींकडे बघवत नसेल. तिन्हींचा इलाज पोचल्यावर बघू. तुझी आजी पंचवीस वर्षांची असताना मला रजा मिळाली नव्हती. त्या गोष्टीबद्दल तिने मला एकदाही, एका शब्दाने बोल लावला नाही, आणि बिगुल, तिची न केलेली तेवढी एकच तक्रार मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. या खेपेला रजा मागायला कुणाकडे जावं लागलं नाही. मीच मागितली, मीच मंजूर केली.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही, माझ्यानंतर पोचेल. तुझ्या दाराखालून आत सरकवीन आणि बाहेर ट्रंकेवर बसून राहीन. बेल वाजवणार नाही, तू निजलेली असशील. सावकाश वाच. घाईने उठू नकोस, भिंतीला धरून ये.

आणि दार उघडशील तेव्हा 'ठीक आहे' एवढं म्हणू नकोस. उशीर केलात म्हणून ओरड. शिलाई वाकडी आहे म्हण. कडी नीट लागत नसेल तर तेही सांग, पेचकस बरोबर आणला आहे.

आजोबा